पाण्यानं परत दिलेला रणगाडा

संग्रह करणाऱ्या माणसानं भरल्या घरात जन्म घेऊ नये. मी घेतला, आणि त्याची फळं भोगली. आज माझ्या खोलीत काचेची कपाटं आहेत. त्यांत रणगाडे आहेत, तोफा ओढणाऱ्या लाऱ्या आहेत, जीपगाड्या आहेत, आणि त्यांच्या बाजूला त्यांच्याच मापाचे शिपाई उभे आहेत. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची गाडी असेल, तर माणूसही खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्शाचाच हवा, हा माझा नियम. तो मोडलेला मला खपत नाही. घरी आलेला पाहुणा कपाटापुढं उभा राहतो आणि म्हणतो, "नातवंडांना बरीच खेळणी घेतलीत की." पूर्वी मी समजावून सांगायचो. आता चहा घ्या म्हणतो. या सगळ्या मांडणीत खालच्या फळीवर एक वस्तू मात्र अशी आहे, की ती कुठल्याच मापात बसत नाही आणि ती काय आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळतही नाही. वाळलेल्या कुंकवाचं ढेकूळ वाटावं असं तिचं रूप आहे. तिच्यापायी मी लहानपणी जेवढा चिडलो, तेवढा पुढं आयुष्यात कशावरूनच चिडलो नाही.

हुमनाबादेत आमचं घर सोलापूर-हैदराबाद सडकेपासून हाकेच्या अंतरावर होतं. वडिलांची, म्हणजे अप्पांची, गावाबाहेर शेती, आणि जोडीला तुरीचा थोडा व्यापार. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, मग आईच्या, म्हणजे अव्वाच्या, भाकरी थापण्याचा आवाज, मग अंगणात भीमाचं खोकणं. भीमा आमचा सालगडी, माझ्या जन्माआधीपासूनचा. अव्वा अप्पांशी कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत, भाजीवालीशी दखनीत, आणि देवाशी मात्र कानडीतच, तेही रागावल्यासारखं. न्याहारीला कालची भाकरी, शेंगाची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. दुपारी पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी. पावसाळ्याआधी घरभर तुरीचा भुसा उडायचा, तो डोळ्यांत जायचा, ताटात पडायचा, आणि माझ्या शिपायांवर बसायचा. घराच्या भिंतींना देवळ्या पुष्कळ होत्या, पण एकही माझी नव्हती. एकीत देव, एकीत दिवा, एकीत अप्पांची ईबूत म्हणजे विभूती, एकीत अव्वाची फणी आणि मेणाची डबी. मी एकदा फणीच्या देवळीत शिपाई मांडले, तर संध्याकाळी ते चुलीमागच्या टोपलीत लसणाच्या शेजारी सापडले. मांडणी नावाची गोष्ट आमच्या घरात फक्त उतरंडीची होती.

शिपाई होते शिशाचे, लाल अंगरख्यांचे, उंच काळ्या टोप्यांचे, खांद्यावर बंदुका घेतलेले. ते मला मकबूलनं दिले. मकबूल माझ्या वर्गातला. त्याच्या अब्बांनी ते हैदराबादेत कुण्या इंग्रज साहेबाच्या सामानाच्या विक्रीतून आणलेले. मकबूल ते मला फक्त बघू द्यायचा, हात लावू द्यायचा नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा आदरच वाटायचा. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत आमच्या गल्लीतली काही घरं रिकामी झाली, त्यांत मकबूलचं एक. बैलगाडी दारात उभी होती, भांडी, गाद्या, कोंबड्यांची पाटी सगळं वर चढलं होतं. तो पत्र्याचा बिस्किटाचा डबा छातीशी धरून आमच्या दारात आला. "भारी है, अम्मी बोली छोड दे," तो म्हणाला. "तू रख ले. मैं आको ले लेतूं." अव्वानं त्यांच्यासाठी भाकरीचं गाठोडं बांधून दिलं आणि गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिली. मकबूल न्यायला आला नाही. ते शिपाई अजून माझ्याकडं आहेत. त्यांना मी कधी नवा रंग दिला नाही, कारण ते माझे नाहीत.

एकदा मावशीचं पोर आमच्याकडं आलं आणि त्यानं त्यातल्या तुतारीवाल्याची मान मोडली. मी आकांत केला. अव्वा म्हणाली, "शिशाचाच हाय न्हवं, त्याला काय दुखायलाय?" आणि वर तो तुतारीवाला पोराच्या हातात तसाच राहू दिला, लहान आहे म्हणून. आमच्या घरात लहान असणं हा एक हक्क होता, आणि मी नेमका तेव्हाच मोठा व्हायचो.

मकबूल जायच्या थोडंच आधी मी खरे रणगाडे पाहिले होते. फौज येणार म्हणून दारं लावून सगळे आत बसले होते. मी माळवदावर चढलो आणि कठड्याआड पालथा पडून राहिलो. आधी आवाज नाही आला, आधी खाली उतरंडीतली गाडगी वाजायला लागली. मग सडकेवर ते एकामागून एक दिसले. धूळ, साखळ्यांची कर्कश कुरकुर, आणि वरचा घुमट हळूहळू वळून तोफेचं तोंड आमच्या बाजूला आलं आणि पुढं गेलं. मला भीती वाटायला हवी होती. पण मी पाहत होतो ते हे, की घुमटातून वर आलेला माणूस त्या गाडीच्या मानानं केवढा आहे. त्याच दिवशी माझ्या डोक्यात मापाचं भूत शिरलं ते आजतागायत उतरलं नाही. शिपाई हाती आल्यावर मी साबणाच्या खोक्याचा रणगाडा केला, दोऱ्याच्या रिळांची चाकं लावली, एरंडाच्या पोकळ काडीची तोफ केली. शेजारी मकबूलचा शिपाई उभा केला, तर तो रणगाड्यावर पाय देऊन पलीकडं जाईल एवढा मोठा. मोठं खोकं घेतलं, तर शिपाई चाकाखाली दिसेनासा. महिनाभर मी खोकी कापत आणि फेकत होतो. अप्पा म्हणाले, "ह्या पोराला कामधंदा न्हाई." खरं तर मला एकट्यालाच काम होतं.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, मोठ्या लढाईच्या दिवसांत अप्पांशी भांडून सोलापूरला गेला आणि तिथून फौजेत भरती झाला होता. लारी चालवता चालवता तो रणगाडा चालवायला शिकला, आणि काश्मीरची लढाई लागली तेव्हा तिकडं होता. अधूनमधून त्याचं कार्ड यायचं, सगळे मजेत असाल, मी मजेत आहे, एवढंच. मी उलट कार्डावर शिपायाच्या उंचीएवढी रेघ ओढून माझी तक्रार लिहून पाठवली होती, की माझा रणगाडा मापात बसत नाही. अप्पांनी कार्ड वाया घालवलं म्हणून मला बोलून घेतलं.

त्यानंतर काही महिन्यांनी निर्णा गावचा नागनाथ आमच्या घरी आला. तो अण्णाच्याच पलटणीतला, सुटीवर आलेला. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली. अण्णानं देवदाराच्या खोक्याच्या फळ्या कोरून रणगाडा केला होता. साखळीचा एकेक दात चाकूनं कापलेला. चालकाच्या तोंडापुढची फट. मागं इंजिनाची जाळी, तीही कोरलेली. आणि वरचा घुमट बोटानं ढकलला की फिरायचा, गुळगुळीत, न अडखळता, तोफेसकट. मी डब्यातून शिपाई काढून शेजारी उभा केला. तो साखळीच्या थोडा वर आला. जसा यायला हवा तसाच. नागनाथ म्हणाला, "तुमच्या अण्णानं सांगितलंय, शिवाला द्या अन् म्हणा, माप मोजून केलंय."

अव्वानं त्या वस्तूकडं पाहिलंही नाही. नागनाथला ताक देत तिनं विचारलं, "जेवतुया का बरूबर?"

"जेवतुया की."

"अन् अंगानं कसा हाय?"

नागनाथनं ताकाचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. "बरा हाय अव्वा," तो म्हणाला. अव्वा तिथंच उभी राहिली, तो आणखी काही बोलेल म्हणून. मला मात्र त्या वेळी घुमट फिरवण्यापलीकडं जगात काही नव्हतं.

नागनाथ परत गेला आणि अण्णाची कार्डं थांबली. लढाई थांबली आहे असं तर सगळेच सांगत होते, चावडीवरही आणि अप्पांच्या दुकानातही. अव्वाचं गणित सरळ होतं. "लढाई थांबली तर पोरगं कामून येईना?" ती विचारायची, आणि भाकरी जोरात थापायची. अप्पा म्हणायचे, सरकारी काम आहे, वेळ लागतो. जेवताना अण्णाच्या नावाची एक चतकोर भाकरी अव्वा बाजूला काढून ठेवू लागली. ती संध्याकाळी गाईला जायची.

इकडं शाळेत नवे मास्तर आले होते. उर्दूतलं शिक्षण बंद होऊन आमचे वर्ग आता मराठी आणि कानडीत भरायचे, आणि मास्तरांना उत्साह फार. त्यांनी जाहीर केलं की पंधरा ऑगस्टला शाळेत प्रदर्शन भरणार, प्रत्येकानं आपल्या हातचं काही मांडायचं, बाहेरून मोठे साहेब बघायला येणार. मी मास्तरांना रणगाडा दाखवला. त्यांनी घुमट फिरवून पाहिला, परत फिरवून पाहिला, आणि दारासमोरचं आख्खं टेबल माझ्या नावानं राखलं. टेबलावर आमची सडक करायची, तिच्यावरून फौज येते आहे असं दाखवायचं, सगळ्यांत पुढं अण्णाचा रणगाडा. माझ्या नावाचं टेबल. ज्याला घरात एक देवळी मिळाली नव्हती त्याला आख्खं टेबल मिळालं, याचा अर्थ काय होता हे मी आता तरी कुणाला सांगू शकेन असं वाटत नाही.

एक रणगाडा म्हणजे फौज नव्हे. लाऱ्या हव्या होत्या, आणखी माणसं हवी होती. त्याच सुमारास ज्येष्ठातली अवस आली. तिला आमच्याकडं मण्णेत्तीची अवस म्हणतात. मण्णेत्ती म्हणजे मातीचे बैल, त्यांनाच घरात बसवण्णा म्हणायचं. पेरणीच्या तोंडावर चिकणमातीची बैलजोडी आणि गव्हाण करायची, बैलांच्या डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावायचे, पूजा करायची, हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, नैवेद्य दाखवायचा. दुसऱ्या दिवशी पोरं एका बैलाचा पाय मुद्दाम मोडतात आणि आमचा बैल लंगडा झाला म्हणत दारोदार ज्वारी मागत हिंडतात. मग सगळे बैल विहिरीत नाहीतर ओढ्यात सोडायचे. पूजलेली माती घरात ठेवायची नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, सांगावं लागत नाही.

भीमानं कुंभाराकडून मातीचा मोठा गोळा आणला. अव्वानं बैल केले, आणि उरलेल्या मातीच्या मी लाऱ्या केल्या, शिपाई केले, तंबूसुद्धा केला. माप बघायला रणगाडा सतत शेजारी. घरात भुसा उडत होता, अंगणात कोंबड्या होत्या, आणि माती सावलीत वाळली नाही तर तडकते. मधल्या घरात बैलांचा पाट होता, तिथं कुणी हात लावत नव्हतं. म्हणून मी माझी सगळी फौज बैलांच्या मागं त्याच पाटावर नीट ओळीनं मांडली आणि पुढं रणगाडा ठेवून शाळेत गेलो. घरातली सर्वांत सुरक्षित जागा होती ती.

परत आलो तेव्हा हुग्गीचा वास दारापर्यंत येत होता. वेलची, गूळ, शिजलेला गहू. मधल्या घरात दिवा लागला होता. पाटावर बैलांना ईबूत ओढलेली, हळद-कुंकू लावलेलं, गळ्यात फुलं. आणि बैलांच्या मागं माझ्या प्रत्येक लारीला कुंकू, प्रत्येक शिपायाला कुंकू, तंबूला कुंकू. रणगाड्याला तर घुमटावर, तोफेवर, चाकांवर, सगळीकडं. तोफेच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं होतं.

"अव्वा, हे काय केलंस?" मी म्हणालो. "हे बैल न्हाईत."

"पाटावर व्हतं."

"म्या वाळायला ठेवलं व्हतं."

"ठेवलास तर ठेवलास. म्या पूजलं." ती नैवेद्याचं ताट पुसत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या अण्णाच्या हातचं हाय ते. बसवण्णाच्या पाठीशी व्हतं. त्याला एकट्याला कसं सोडू?"

तेव्हा मला कळलं की हे तिच्या हातून चुकून झालं नव्हतं. मी लाऱ्या सोडायला तयार झालो. शिपाईही घे म्हणालो. फक्त रणगाडा नको. मी शाळेचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. "पूजलेलं घरात ठेवलं तर ज्याच्या नावानं पूजलं त्याला बाधतंय," ती म्हणाली. "तुझं टेबल ऱ्हाईल तसंच. मला माझं लेकरू पायजे." अप्पांकडं गेलो तर ते म्हणाले, बायकांच्या पूजेत मी पडत नाही. हुग्गी मी खाल्ली नाही. ती माझी आवडती होती आणि ते अव्वाला माहीत होतं, पण तिनं एकदाही खा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं लंगडा बैल घेऊन ज्वारी मागून गेली. बैल सोडायला एरवी पोरंच जातात. त्या वर्षी अव्वा स्वतः निघाली, पाट डोक्यावर घेऊन. मागं अप्पा, भीमा आणि सगळ्यांत मागं मी. मळ्यातल्या विहिरीत पाणी खोल गेलं होतं, पण कठड्यावरून स्पष्ट दिसत होतं. अव्वानं आधी बैल सोडले. ते बुडबुडे काढत खाली गेले. मग लाऱ्या, मग शिपाई, मग तंबू. माझी सगळी मेहनत पाण्यात एक गढूळ डाग होऊन पसरली. शेवटी तिनं रणगाडा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि सोडला.

तो खाली गेला आणि वर आला. पाण्यावर थोडा कलंडला, सरळ झाला, आणि घुमट वर, तोफ पुढं असा गोल गोल फिरत राहिला.

मी जागच्या जागी उडी मारली. पण अव्वाच्या तोंडाचा रंग उतरला होता. पाण्यानं घेतलं नाही तर देवानं घेतलं नाही, असा आमच्याकडं त्याचा अर्थ. ती मटकन कठड्यावर बसली. भीमा म्हणाला, "लाकूडच हाय अव्वा, तरंगायचंच." तिनं ऐकलंच नाही. अप्पांनी लांब बांबू घेऊन त्याला खाली दाबून पाहिलं. बांबू काढला की तो वर. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. अप्पा वैतागून म्हणाले, "भीमा, एक दगूड बघ. बांधून सोडू."

"दगूड कामून?" अव्वा एकदम उठली. "माझ्या लेकराला दगूड बांधताव का?"

अप्पांच्या हातातला बांबू तसाच राहिला. अव्वा वाकून पाण्याकडं बघत होती. मग तिचा आवाज बदलला. "बुडाला न्हाई त्यो," ती म्हणाली. "दाबलाव तरी वर आला. शिवा, उतर. काढ त्याला."

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मी कसा उतरलो ते आठवत नाही, गाडी हातात आली तेवढं आठवतं. कुंकू बरंचसं धुऊन गेलं होतं. घुमट फिरवून पाहिला, फिरत होता. चढताना मी मनात टेबल मांडत होतो. वर आल्याबरोबर अव्वानं माझ्या हातातून ती घेतली, पदरात गुंडाळली आणि घराकडं चालू लागली. घरी येऊन तिनं देवाच्या देवळीत लिंगाशेजारी जागा केली आणि रणगाडा तिथं ठेवला.

"पूजलेलं घरात ठेवत न्हाईत म्हणलीस की," मी म्हणालो.

"म्या पाण्याला दिलं व्हतं. पाण्यानं परत दिलं," अव्वा म्हणाली. "परत दिलेलं ठेवत्यात. हात लावू नगंस आता."

बुडाला असता तर गेला असता, तरंगला म्हणूनही गेला. अण्णानं माप मोजून माझ्यासाठी केलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा तर मीच ती पाण्यातून काढून दिली. त्या दिवसापासून तिच्यावर रोज सकाळी पाणी, ईबूत, कुंकू, फूल. साखळीचे दात बुजले. जाळी बुजली. गल्लीत बातमी फिरली तशी ज्यांची पोरं लांब होती त्या बायका यायला लागल्या. एकीचा मुलगा मुंबईच्या गिरणीत, एकीचा नवरा सोलापुरात. त्या रणगाड्याला चिमूट चिमूट कुंकू लावून जायच्या. म्हणजे प्रदर्शन भरलंच, फक्त ते अव्वाचं होतं आणि त्याला गर्दीही चांगली होती.

पंधरा ऑगस्टला मी टेबलावर पुठ्ठ्याची सडक केली आणि तिच्यावर मकबूलचे शिपाई उभे केले. दुसरं काही उरलंच नव्हतं. मास्तरांनी विचारलं, "रणगाडा कुठं आहे?" मी म्हणालो, देवात आहे. त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतोय. साहेब आले, टेबलाशी थांबले, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे तर इंग्रजांचे शिपाई. आज, स्वातंत्र्यदिनी, हे कशाला?" मास्तर कानापर्यंत लाल झाले. अण्णाचा रणगाडा पुढं असता तर ही आमची फौज ठरली असती. तो नव्हता, तर ते नुसते लाल डगलेवाले गोरे होते. मास्तरांनी मला ते लगेच उचलायला लावले. सबंध कार्यक्रम मी मोकळ्या पुठ्ठ्याच्या सडकेमागं उभा होतो, कारण जागा सोडायची नाही असा हुकूम होता. घरी आल्यावर अव्वानं विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, तुझ्या देवाला विचार.

दसऱ्याच्या आधी अण्णा आला. कार्ड नाही, निरोप नाही. दुपारी दारात उभा. वाळून कोळ झाला होता, पण धड होता. अव्वा त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. अप्पा आत जाऊन उगाच पोती मोजू लागले. अण्णा हातपाय धुऊन देवाला नमस्कार करायला गेला, आणि मी त्याच्या मागोमाग. महिनोन्‌महिने मी ही तक्रार साठवून ठेवली होती. जगात फक्त त्याच्यासमोरच ती करण्यात अर्थ होता. ती गाडी त्याची होती, ते माप त्याचं होतं.

"बघ," मी म्हणालो. "तुझ्या गाडीचं काय केलंय अव्वानं बघ."

अण्णानं ओळखायला थोडा वेळ घेतला. मग देवळीत हात घालून ती उचलली. अव्वा चुलीपुढून बघत होती, पण तिनं त्याला हात लावू नको म्हटलं नाही. त्यानं अंगठ्यानं घुमट ढकलला. हलला नाही. दुसऱ्या बाजूनं ढकलला. कुंकू आणि तेल बसून बसून तो दगडासारखा घट्ट झाला होता.

"फिरत न्हाई," मी म्हणालो. "पार जाम करून टाकलीय. केवढी गुळगुळीत फिरायची."

अण्णा गाडी हातात धरून उभा होता. अंगठा घुमटावरच होता, पण आता तो ढकलत नव्हता.

"न्हाई फिरत तेच बरंय," तो म्हणाला. आणि अगदी हळू, "खरी बी अशीच जाम झाली असती एखाद दिशी, तोफ वळायच्या आधी, तर बरं झालं असतं."

"कामून?"

"तुला ठाव नगं," अण्णा म्हणाला. त्यानं ती जिथं होती तिथं, तोफ भिंतीकडं करून, परत ठेवली. चुलीपुढं भाकरीचा आवाज थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा अव्वा म्हणाली, "या जेवायला. गरम हाय तवर."

मी जेवायला गेलो नाही. मला एवढंच कळलं होतं, की अण्णाही तिच्याच बाजूचा निघाला. माळवदावर जाऊन मी रडलो. रागानं रडलो, हेही सांगतो, कारण त्या रडण्यात दुसरं काही शोधू नये. अण्णानं पुढं पुष्कळ वर्षं नोकरी केली. त्या दिवशी बोलला त्याच्यापलीकडं तो कधी एक शब्द बोलला नाही, आणि अव्वानंही कधी विचारलं नाही. ती फक्त रोज सकाळी कुंकू लावत राहिली. आता त्या कुंकवाचा हेतू तोच होता की बदलला होता, हे मला ठाऊक नाही.

अव्वा गेली तेव्हा अण्णानंच ती गाडी देवळीतून काढून माझ्या हातात दिली. "तुझीच हाय," म्हणाला. घरी आणून मी ती खालच्या फळीवर ठेवली, आणि रोज तिच्याकडं बघून माझा जीव कासावीस व्हायचा. संग्राहकाला घाण बघवत नाही. आत ते माप आहे, ते कोरीव दात आहेत, ती जाळी आहे, हे माहीत असताना तर नाहीच. शेवटी एका दुपारी कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बसलो. वरचा थर सुटला, त्याखालचा सुटला. पाणी लाल होत गेलं. घुमटाच्या कडेची रेघ दिसायला लागली, तेव्हा मी सवयीनं अंगठा लावून पाहिला. तो किंचित हलला. आणखी थोडं पाणी लागलं असतं तर फिरला असता.

मी ब्रश बाजूला ठेवला. गाडी फडक्यानं कोरडी केली. मग सूनबाईकडून थोडं कुंकू आणि दोन थेंब तेल मागून घेतलं, आणि घुमटाच्या त्या रेघेत बोटानं दाबून दाबून पुन्हा भरलं. सूनबाईनं विचारलं, "मामा, हे काय करताय?" मी म्हणालो, "दुरुस्ती."